सदतीस नंबरच्या पेशंटच्या मुलाकडून

सिस्टर,
सादर नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. प्रबंध अजून तपासायला गेलेला असेल, त्यात पेशंटच्या नातेवाइकाने जाहीर पत्र लिहिल्याची भानगड मधेच नको. शिवाय अभ्यासात नावं नसतात, नंबर असतात, हे तुम्हीच सांगितलं होतंत. माझी आई सदतीस नंबर. तेवढ्यावर ओळख पटली नाही तर खूण सांगतो: सुटकेस.

आम्ही माण तालुक्यातले. आईचं वय एकसष्ट. छातीतल्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं, केमो संपल्या होत्या आणि पंधरा शेक घ्यायला आम्ही मुंबईत, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलो होतो. रेडिएशन हा शब्द फक्त फाइलवर. धर्मशाळेत जळगावचा असो की सिंधुदुर्गाचा, जो तो विचारतो, “कितवा शेक?”

दवाखान्यात बाकावर बसलो असताना तुम्ही आलात. हातात क्लिपबोर्ड. म्हणालात, मी इथलीच नर्स, एम.एस्सी. करतेय, उपचार चालू असताना येणाऱ्या थकव्यावर माझा अभ्यास आहे. खरं सांगतो, मनात आलं, हा काय विषय झाला? कॅन्सर झालाय, माणूस थकणारच. त्यात अभ्यास कसला करायचा?

तुम्ही सहमतीपत्र वाचून दाखवलंत. त्यात होतं की भाग घ्यायचा नसेल तर नाही म्हणा, उपचारात काही फरक पडणार नाही. आईने तुम्हाला तिथेच थांबवलं. “म्हंजी मी न्हाय म्हनलं तरी चालतंय?”

“चालतंय, मावशी.”

सहा महिन्यांत तिच्या पुढ्यात कागदांचा गठ्ठा आला होता आणि मी बोट ठेवीन तिथे ती सही करत होती. नाही म्हणता येतं हे त्यांतल्या आणखी काही कागदांवर छापलेलं असेलही, पण वाचून कोण दाखवतो? मीही दाखवलं नव्हतं. तुमचा कागद तिने शेवटपर्यंत ऐकला, दोन शंका विचारल्या आणि मग सही केली.

मग तो तीस प्रश्नांचा फॉर्म. गावी आल्यावर मी त्याची माहिती काढली. युरोपातल्या कॅन्सर-संशोधकांच्या ईओआरटीसी या संस्थेने केलेला, १९९३ साली प्रसिद्ध झालेला, आणि आज जगभर चालणारा. पहिलाच प्रश्न असा की जड पिशवी किंवा सुटकेस उचलण्यासारखी मेहनतीची कामं करताना त्रास होतो का. आई म्हणाली, “सुटकेस कुनाची?”

तुम्ही हसलात, पण प्रश्न बदलला नाहीत. त्याच शब्दांत पुन्हा वाचलात. नंतर सांगितलंत की शब्द बदलायची मुभा नसते. प्रत्येकाला तोच प्रश्न तसाच गेला नाही, तर उत्तरं एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. मी बँकेत कारकून. मला हे लगेच पटलं. एखाद्याने रकान्याचा अर्थ आपल्या मनाने लावला की मार्चअखेरीला सगळी शाखा रात्री बारापर्यंत बसते. आई मात्र विचारात पडली होती. “सुटकेस मी जन्मात उचलली न्हाय. कळशी उचलत हुते. आता तांब्या बी जड वाटतोय.”

तुम्ही आकड्याला गोल केलात आणि समासात बारीक अक्षरात लिहिलंत: कळशी, तांब्या.

तांब्या जड वाटतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी चोवीस तास तिच्याजवळ होतो. दिवसातून दहा वेळा विचारत होतो, “आई, बरं वाटतंय ना?” दहाही वेळा ती म्हणत होती, “बरं हाय.” डॉक्टरांना बरं हाय, फोनवर बहिणीला बरं हाय, भेटायला आलेल्या पाहुण्यांना तर बरं हाय आणि वर चहा घ्या. तुमच्या कागदावर ‘बरं हाय’ला रकानाच नव्हता. अजिबात नाही, थोडं, बरंच, खूप. एक ते चार. आणि तेही गेल्या आठवड्याचं बोला. आई अडकली. बोटं मोडत बसली. मग एकेक आकडा यायला लागला. विश्रांती घ्यावी लागते का, अशक्तपणा वाटतो का, दमायला होतं का, असे थकव्याचे तीन प्रश्न त्यात एकापाठोपाठ नाहीत, इकडेतिकडे विखुरलेले आहेत. तिन्ही ठिकाणी आईचं उत्तर चार. मी मधे तोंड घातलं, “तसं काही नाही हो, सकाळी चांगली बसून होती.” तुम्ही फॉर्मवरची नजर न काढता म्हणालात, “दादा, मावशींना सांगू द्या.” थोड्या वेळाने, “दादा, चहा आणता का?”

मी चहा घेऊन आलो तेव्हा फॉर्म भरून झाला होता. तुम्ही चहा घेतला नाहीत. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मी नसताना अठ्ठाविसावा प्रश्न झाला होता, पैशाच्या अडचणीचा. काय उत्तर आलं ते तुम्ही मला सांगितलं नाहीत, सांगणारही नव्हता. आईनेच रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या सांगितलं, “पैशाला बी मी चार सांगितलं.” उपचार सरकारी योजनेत बसले होते, म्हणून माझ्या लेखी ती बाजू मिटली होती. तिच्या डोक्यात विकलेली म्हैस होती, माझी बिनपगारी रजा होती, रोजचं टॅक्सीभाडं होतं. ती संध्याकाळचं दूध “नको वाटतंय” म्हणून ठेवून द्यायची, ते नको वाटत नव्हतं, परवडत नाही असं तिचं तिनेच ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही आम्हाला समाजसेवा विभागाची खिडकी दाखवलीत. हे तुमच्या प्रबंधात कुठेच येणार नाही, म्हणून इथे लिहितो. इंग्लंडच्या सिसिली सॉन्डर्स, ज्यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या आजारातल्या माणसांची काळजी घेणारं ठिकाण, सुरू केलं, त्या डॉक्टर होण्याआधी नर्स होत्या. वेदना शरीराची, मनाची, घरच्या नि पैशाच्या विवंचनेची अशी सगळी मिळून एकच असते, असं त्या मांडत. माझ्या आईच्या बाबतीत ती दुधाच्या पेल्यापर्यंत आली होती.

आता रागाचं सांगतो. पाकिटाच्या दिवसाचं.

कोण चालण्याच्या गटात आणि कोण नाही, हे बंद पाकिटातल्या चिठ्ठीवर ठरायचं. पाकीट फोडलं, आईच्या चिठ्ठीवर निघालं ‘नेहमीची काळजी’. आमच्या शेजारच्या खोलीतल्या सोलापूरच्या काकूंना निघाला चालण्याचा गट. त्यांना तुम्ही तक्ता दिलात, कसं चालायचं, किती चालायचं, कधी थांबायचं ते शिकवलंत. आईला पुन्हा फक्त फॉर्म. मी भर व्हरांड्यात तुम्हाला विचारलं, “माझी आई काय नुसता आकडा भरायला घेतलीय?”

तुम्ही म्हणालात, “हो दादा, आकडा भरायलाच. त्यांचा आकडा नसेल तर चालल्यामुळे बरं वाटलं, की दिवस गेले म्हणून आपोआप बरं वाटलं, ते कळणार कसं?”

सहा महिन्यांत इतकं सरळ उत्तर कुणी दिलं नव्हतं. तरी माझा राग गेला नाही. दोन दिवस मी तुम्हाला ओळख दाखवली नाही, समोरून आलात की भिंतीवरचे फलक वाचायचो. त्याबद्दल माफी मागतो. आईला म्हटलं, सोडून देऊ या हा अभ्यास, आपल्याला काय मिळतंय? ती म्हणाली, “शबुद दिलाय तिला.” विषय संपला.

त्या काळात माझं काय चाललं होतं? मी तिला झोपवत होतो. पाणी मी आणणार, कपडे मी धुणार, जिना दिवसातून एकदाच. दमतेस ना, मग पडून राहा. ती पडून राहायची, उठायची तर आणखी दमलेली असायची. मग मी आणखी झोपवायचो.

शेक संपले. दीड महिन्याने तपासणीला आलो, तुमचा तिसरा आणि शेवटचा फॉर्म भरला. सदतीस नंबरचं काम तिथे संपलं. थकव्याच्या तीन प्रश्नांत चाराचे तीन झाले होते, एवढंच. रिपोर्ट सोमवारी मिळणार म्हणून शनिवार-रविवार धर्मशाळेतच काढायचा होता.

आणि रविवारी सकाळी तुम्ही दारात. सुटीचा वार, साध्या कपड्यांत, त्यामुळे मी क्षणभर ओळखलंच नाही. पिशवीतून तोच तक्ता काढलात. “मावशी, आता तुमचा आकडा पूर्ण झाला. आता तुम्हाला शिकवायला मी मोकळी.”

या पत्राचं खरं कारण तो रविवार आहे. तुम्हाला आमच्याकडून काही मिळायचं राहिलं नव्हतं.

मी विचारलंच, चालण्याचा फायदा आधीच माहीत होता का? तुम्ही अमेरिकेतल्या व्हिक्टोरिया मॉक या नर्सबद्दल सांगितलंत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्तनाच्या कॅन्सरसाठी शेक घेणाऱ्या ४६ बायका होत्या. चालणाऱ्या गटातल्या बायका आपापल्या वेगाने २० ते ३० मिनिटं, आठवड्यातून चार-पाच वेळा चालल्या; त्यांचा थकवा कमी राहिला, झोप बरी लागली, घालमेल कमी झाली. मी म्हटलं, मग पाकिटं कशाला? तुम्ही म्हणालात, “तिकडच्या बायकांना जमलं. नऊवारीतल्या, धर्मशाळेत राहणाऱ्या, गावी जाऊन रानात काम असणाऱ्या मावशींना जमतं का, ते इथे मोजायला नको?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आत्ताही नाही.

आणि मग तुम्ही ते सांगितलंत ज्याने माझा सगळा कारभार उलटा झाला: हा थकवा झोपेने भरून येत नाही. शेतात राबून आलेली दमणूक वेगळी, ती रात्रीत उतरते. ही पडून राहिल्याने वाढतेच, कारण स्नायूही आळसावतात. मी खाली बघत होतो. आई माझ्याकडे बघत होती, आणि जरा जास्तच खूष दिसत होती.

तक्त्यावर ‘मिनिटे’ असा रकाना होता. आई घड्याळ बांधत नाही. तुम्ही विचारलंत, गावात चालायला काय आहे? “रस्त्याला लाइटीचं खांब हायती.” तुम्ही पेन काढून ‘मिनिटे’ खोडलंत आणि वर लिहिलंत ‘खांब’. फॉर्मातला एक शब्द न बदलणाऱ्या तुम्हीच! पण तो अभ्यासाचा कागद होता आणि हा आईचा. चालताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग. ताप असेल, चक्कर आली, छातीत धडधडलं तर नाही चालायचं, फोन करायचा. मग तिला घेऊन धर्मशाळेच्या आवारात तीन फेऱ्या मारल्यात. तिसऱ्या फेरीला आई तुम्हाला माझ्या लहानपणच्या खोड्या सांगत होती, म्हणजे बोलता येत होतं.

पहिल्या दिवशी गावात दोन खांब झाले. येताना रस्त्यातल्या पारावर बसली, मला बोलावणं आलं, मी मोटारसायकल घेऊन पळालो, तर म्हणते, “बसलीय नुसती. दम खाऊन येते, जा तू.” महिन्याने सात खांब. आता मारुतीच्या देवळापर्यंत जाते, अकरा खांब, आणि परत. दोन बायका तिच्याबरोबर चालायला लागल्यात, त्यांना काहीही झालेलं नाही, गप्पांसाठी येतात. तक्ता भिंतीवर कॅलेंडरशेजारी लावलाय. तिला लिहिता येतं थोडंफार, पण ती आकडे मांडत नाही, खांबासाठी उभी रेघ मारते.

मी हल्ली या विषयावर मिळेल ते वाचतो. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयातला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. केमो घेणारे ७६६ रुग्ण. एका गटाने आपला त्रास संगणकावर नियमित नोंदवायचा, त्रास वाढला की नर्सला लगेच संदेश जायचा आणि ती फोन करायची किंवा बोलावून घ्यायची. दुसऱ्या गटाची नेहमीसारखी काळजी. पहिला गट मध्यक हिशोबाने, म्हणजे ओळीने लावल्यावर बरोबर मधे येणाऱ्या माणसाच्या हिशोबाने, ३१.२ महिने जगला, दुसरा २६. मी तो आकडा दोनदा तपासला, बँकेची सवय. पाच महिन्यांचा फरक, आणि त्यात नवं औषध एकही नव्हतं. तेव्हा मला तुमचा क्लिपबोर्ड आठवला, आणि ‘हा काय विषय’ म्हणणारा मीही.

तुमच्या अभ्यासाचा निकाल काय लागला ते जरूर कळवा. आई परवा विचारत होती, “सदतीस नंबरचं काय आलं?” जणू दहावीचा निकाल. तिला समजावलं की एकट्याचा निकाल नसतो, सगळ्यांची मिळून सरासरी असते. ते तिला फारसं आवडलेलं नाही.

काल हे पत्र लिहिता लिहिता मी तिला एकोणतिसावा प्रश्न विचारला, शब्द न बदलता. गेल्या आठवड्यात तुमची एकंदर तब्येत कशी होती, एक म्हणजे फार वाईट, सात म्हणजे उत्तम. ती तांदूळ निवडत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “पाच. आन् बाजूला लिव, गुडगा दुखतोय. पर त्यो आधीपासनंच दुखतोय, त्येचा ह्याच्याशी काय संबंद न्हाय.”

लिहिलं आहे.

आपला,
सदतीस नंबरचा मुलगा