भोसरीच्या होजवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात जुन्या मारुती एस्टीमचा ब्रेकचा रबरी होज पिशवीत घालून तुमच्या दुकानात आलेला तो मी. तुम्ही एका जेसीबीचा होज क्रिम्प करत होतात, म्हणजे टोकाची फिटिंग दाबून बसवत होतात. मी म्हणालो, "अशाच जाळीवाल्या चार नळ्या करून द्या, गाडी ट्रॅकवर पळवतो." तुम्ही एवढंच विचारलंत, "आतून काय जाणार?" मी म्हटलं, ब्रेक ऑइल. आणि तुम्ही चक्क गिऱ्हाईक परत पाठवलंत.

प्रेशर तुमच्या होजने हसतहसत सोसलं असतं. अडचण आतल्या रबराची होती. हायड्रॉलिक होजचं अस्तर बहुधा नायट्राइल रबराचं, खनिज तेलासाठी केलेलं. ब्रेकमधलं डॉट ४ प्रतीचं 'ऑइल' ग्लायकॉलच्या जातीचं, त्यात ते फुगतं, मऊ पडतं. "ऑइल म्हटलं म्हणून ते ऑइल होत नाही," म्हणालात. इतकी वर्षं 'ब्रेक ऑइल' म्हणत आलो, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं. ब्रेकसाठी आतून टेफ्लॉन असलेल्या तयार नळ्याच घ्यायला लावल्यात.

ऑइल कूलरच्या दोन नळ्या मात्र तुम्ही केल्यात, तेही गाडी दुकानासमोर आणायला लावून. इंजिन हलतं, म्हणून माप ताणून घ्यायचं नाही. नळीवर खडूने सरळ रेघ मारलीत: नट आवळताना रेघ फिरली की पीळ बसला, सोडून पुन्हा आवळायचं. स्टीलची जाळी जिथे टेकेल तिथे करवतीसारखी कापते, म्हणून घासायच्या जागी जुना रबरी पाइप चिरून चढवलात. पैसे फक्त दोन नळ्यांचे घेतलेत. वर ब्रेकच्या नळ्या जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टसाठी मूठभर तांब्याचे वॉशर दिलेत, "एकदा आवळलेला परत वापरू नको" अशा दमासकट.

मग कोइमतूरला कारी स्पीडवेच्या रेस ट्रॅकवर गेलो. लॅप २.१ किलोमीटरचा, ब्रेकला उसंत कमी. पूर्वी पाचव्या लॅपला पेडल खाली जायचं, या वेळी शेवटपर्यंत जागेवर राहिलं. खरं सांगायचं तर निम्मं श्रेय ताज्या डॉट ४ चं. ते उकळलं की पेडल खाली जातं; कोरडं असताना ते किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल शोषली की ती हमी १५५ वर येते. पण ते बदलायलाही तुम्हीच लावलंत. कूलरच्या नळ्यांखाली तेलाचा थेंब नव्हता. मनापासून आभार, काका.

आता रेडिएटरचा वरचा होज क्लिपपाशी मऊ लागतोय. शनिवारी येतो. तुम्ही तो बनवत नाही, माहीत आहे. नुसता दाबून बघा.

तुमचा,
एस्टीमवाला