दडलेल्या संदर्भांसाठी पुस्तकाच्या शेवटी टिपा हव्यात

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गाजलेल्या चित्रपटांच्या आणि मालिकांच्या विश्वात घडणाऱ्या विज्ञानकथांची दखल आपल्या साहित्यपानांवर क्वचितच घेतली जाते. चित्रपटाच्या नावावर खपणारी पुस्तके एवढीच त्यांची ओळख उरते. मी या कथा अनेक वर्षे आवडीने वाचत आले आहे. त्यांत पेरलेले संदर्भ आणि त्यामागची पार्श्वभूमी यांविषयी मला काही मांडायचे आहे.

‘स्टार वॉर्स’ या १९७७ च्या चित्रपटाला ४० वर्षे झाली, तेव्हा ‘फ्रॉम अ सर्टन पॉइंट ऑफ व्ह्यू’ हा ४० कथांचा संग्रह निघाला. त्यासाठी लेखकांनी मानधन घेतले नाही. पहिला दडलेला संदर्भ शीर्षकातच आहे. याच मालिकेतील १९८३ च्या चित्रपटात ओबी-वान हा गुरू नायक ल्यूकला सांगतो की, तुझ्या वडिलांविषयी मी जे बोललो ते एका विशिष्ट दृष्टिकोनातून खरेच होते. तीच शब्दयोजना उचलून हा संग्रह पडद्यावर क्षणभर दिसलेल्या पात्रांच्या बाजूने १९७७ च्या चित्रपटातील घटना पुन्हा सांगतो.

त्यातील रे कार्सन यांची ‘द रेड वन’ ही कथा मला विशेष मोलाची वाटते. चित्रपटात ल्यूकचे काका आधी आर५-डी४ हा लाल यंत्रमानव निवडतात, तो चार पावले चालतो न चालतो तोच धूर सोडून बंद पडतो आणि म्हणून आर२-डी२ हा दुसरा यंत्रमानव त्यांच्या घरी जातो. पडद्यावर हा निव्वळ योगायोग आहे. कार्सन यांच्या कथेत मात्र तो यंत्रमानव आर२ची विनवणी ऐकून स्वतःची सुटका सोडून देतो आणि स्वतःच स्वतःला निकामी करतो. हीच कल्पना १९९९ मध्ये एका चित्रकथेत निव्वळ गंमत म्हणून येऊन गेली होती, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या गंभीर कथेत एक जुनी ओळख भेटते. पण मूळ चित्रपट न पाहिलेल्या माझ्या भाचीलाही ती कथा तितकीच भिडली. दडलेला संदर्भ असाच असावा, असे मला वाटते: जाणकाराला अधिक द्यावे, पण नवख्याचे काही हिरावून घेऊ नये. १९७७ च्या चित्रपटात त्याचे दिग्दर्शक जॉर्ज लुकस यांच्याच १९७१ च्या ‘टीएचएक्स ११३८’ या चित्रपटाची आठवण देणारा ११३८ हा आकडा येतो. त्याने ओळख पटल्याचा आनंद जरूर होतो, परंतु कथानकात त्याने काही भर पडत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. त्याच चित्रपटातील मॉस आयस्ली या गावच्या मद्यालयातील गिऱ्हाइकांवर १९९५ मध्ये केविन अँडरसन यांनी संपादित केलेला कथासंग्रह आला. त्यात मद्यालयाचा चालक वुहर याची स्वतंत्र कथा आहे आणि वर सांगितलेल्या २०१७ च्या संग्रहातही त्याच वुहरची दुसरी कथा आहे. दोन्ही पुस्तके एकापाठोपाठ वाचणारा वाचक गोंधळतो, कारण २०१४ मध्ये ‘स्टार वॉर्स’ची निर्मितीसंस्था लुकासफिल्मने तोपर्यंतचे बहुतेक कथाविश्व ‘लेजंड्स’ ठरवून अधिकृत कथानकाबाहेर ठेवले, हे कथा वाचून त्याला कळणे शक्य नसते. कथा कधी लिहिली गेली, कोणत्या दृश्यावर ती उभी आहे आणि आधी त्याच पात्रावर कोणी लिहिले होते, एवढे सांगणारी चार-पाच ओळींची टीप लेखकाने किंवा संपादकाने द्यावी. ती कथेच्या आधी नव्हे, तर पुस्तकाच्या शेवटी असावी, म्हणजे वाचताना रहस्य फुटणार नाही आणि ज्याला नको असेल तो ती वगळू शकेल. ज्ञानेश्वरीच्या आणि पोथ्यांच्या सटीप आवृत्त्या हाताळणाऱ्या मराठी वाचकाला ही रीत परकी नाही.

आपल्या पुरवणीत अशा एखाद्या संग्रहाचे परीक्षण छापताना परीक्षकाने तरी ही पार्श्वभूमी चौकटीत द्यावी, आणि या कथा मराठीत आणणाऱ्या प्रकाशकांनी अनुवादकाला शेवटची दोन पाने मोकळी ठेवावीत, अशी माझी आपल्याला आणि त्यांना कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक वाचक, सातारा