चंद्री ओतूरला पोचली

मळ्यातून, २४ एप्रिल
रात्रीचे साडेदहा

ती. आई आणि आप्पा,
साष्टांग नमस्कार.

आधी सांगून टाकते, मग बाकीचं. चंद्री आता आपल्या गोठ्यात नाही. परवा तिला ओतूरला मावशीकडे पोचवली. पिकअपमध्ये खाली कडबा अंथरला होता आणि मी मागे तिच्याजवळ बसून गेले. उतरल्यावर तिने मावशीच्या हातचं पेंडीचं घमेलं चाटूनपुसून साफ केलं, म्हणजे माझ्यासाठी काही अडून बसली नाही.

फोनवरच सांगणार होते. पण आईने "काय गं, चंद्री काय करते?" असं विचारलं की मी उन्हाचं, लाईटचं, नाहीतर बायकांच्या हजेरीचं काढायचे. तीनदा असं झालं. म्हणून हे पत्र दादाच्या हाती देते आहे. त्याने ते वाचून दाखवायचं नाही. आप्पा, चष्मा लावून तुम्हीच वाचा, आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

आई, रागावण्याआधी ऐक. धार तू काढायचीस तेव्हा ती देवासारखी उभी राहायची. मला पान्हाच सोडायची नाही. आठवड्यात दोनदा लाथ मारून चरवी उडवली. संध्याकाळी पाचला, नेमकी गिऱ्हाइकं नर्सरीतून रोपांचे ट्रे भरून न्यायला येतात तेव्हा, मी गोठ्यात शेणात उभी. आणि कालवडीचं झाल्यापासून रात्री गोठ्याशी झोपणार कोण? परवा वरच्या उसात पुन्हा बिबट्याच्या पाऊलखुणा दिसल्या. (आप्पा, मी रात्री एकटी बाहेर पडत नाही. रात्रपाळीची लाईट असते त्या आठवड्यात मोटर मोबाईलवरून चालू करते. काळजी करू नका.)

ही सगळी कारणं खरी आहेत, पण मुख्य कारण वेगळंच आहे. मला गोठा हवा होता.

ट्रे भरून बी टाकलं की दहा-दहाची थप्पी लावून काळ्या कागदात गुंडाळून ठेवतो, ते तुम्हाला माहीत आहे. टोमॅटो तिसऱ्या दिवशी डोकं काढतो, मिरची सहा-सात दिवस रडवते. आत ऊब पाहिजे, उकाडा नको. पत्र्याच्या शेडमध्ये मार्चपर्यंत निभतं. एप्रिलमध्ये दुपारी दोनला त्या कागदाला हात लावला तर चटका बसतो. बी तरी शिजतं, नाहीतर आपण धरलेल्या वेळेच्या आधीच उगवतं, आणि उगवल्यावर कागद काढायला अर्धा दिवस उशीर झाला की संपलं. अंधारात रोप उजेड शोधत वर जातं.

तसंच झालं होतं. तुम्हाला सांगितलं नव्हतं. ज्या रात्री आप्पांना ठाण्याला नेलं, तिच्या दुसऱ्या सकाळी दोनशे ट्रे उघडायचे होते. मी दुपारी परत आले. कागद काढला तर मटकीला मोड यावेत तशी पांढरी, लांब, एकमेकांत गुंतलेली रोपं. एका ट्रेला १०४ कप्पे, म्हणजे वीस हजारांवर रोपं, साधारण तीन एकरांची लागण. उन्हात मांडली तर तासाभरात माना टाकल्या. बायकांना जेवायला पाठवलं आणि एकटीने खड्ड्यात ओतली. "वाकडं रोप दाराबाहेर जाऊ द्यायचं नाही" हे तुमचंच. दोघांना नव्याने रोपं करून दिली, एकाला ॲडव्हान्स परत दिला, तो चांगला बोलला.

आप्पा, ते तुमच्यामुळे झालं असं चुकूनसुद्धा मनात आणू नका. दुखणं काय थप्पी बघून येतं का? चूक माझी. जाताना कागद उचलून ठेव असं एका फोनवर कुणालाही सांगता आलं असतं, मला सुचलं नाही. पण त्या दिवसापासून आबांनी घातलेली गोठ्याची कौलं माझ्या नजरेत भरली. गव्हाणीच्या बाजूला ओलं बारदान लावलं की भर दुपारी आत माठासारखं गार. आता थप्प्या तिथेच असतात. वेळ चुकली तरी दोन-चार तासांची सवड मिळते. जमीन उकरून चुना मारला, ट्रे विटांवर ठेवलेत. चंद्रीचं दावं खुंटीलाच आहे, ते काढलं नाही.

आणि हो, मावशीकडून पैसे घेतले. "दिली" असं लिहिणार होते, पण आईला मावशीकडून कळणारच. मावशी नको नको म्हणत होती, काकांनी मोजून हातात ठेवले, मी घेतले. त्यातून दोन नंबरच्या शेडला चाळीस मेशची जाळी आणि दुसरं दार केलं. पांढरी माशी आणि मावा आता आत यायचा तर दोन दारं ओलांडून यावं लागेल. २०२० च्या उन्हाळ्यात टोमॅटोवर तो व्हायरस आला तेव्हा आप्पा दारात उभे राहून आपल्या रोपांवरून लोकांची बोलणी ऐकून घेत होते, ते मी माडीवरून बघत होते. पुढे बंगळूरच्या तपासणीत मुख्यतः काकडीचा मोझॅक निघाला, मावा पसरवतो तो. तोवर शिव्या देऊन सगळे मोकळे झाले होते. पुन्हा कुणी आपल्या दारात तसं बोललेलं मला चालणार नाही. एका गाईत ते टळत असेल तर... जाऊ दे. आई, हे वाक्य खोडायला हवं होतं.

बुकिंग चार लाख रोपांवर थांबवलं आहे. २०२३ च्या जुलैमध्ये नारायणगावच्या बाजारात २० किलोचं क्रेट २,००० च्या वर गेलं, तेव्हापासून ज्याला त्याला मे महिन्यातच टोमॅटो लावायचा असतो. मी नाही म्हणायला शिकले. तुम्हाला ते कधी जमलं नाही, आप्पा, पण तुमच्या नावावर अजून लोक येतात. "आप्पांची पोरगी का?" म्हणतात आणि भाव न विचारता ट्रे उचलतात.

परवा पिकअपमध्ये बसून गादीवाफ्यांचे दिवस आठवत होते. सकाळी रोपं उपटून ओल्या पोत्यावर ठेवायची, तुम्ही मोजायचे, आणि शंभर झाली की मी एक खडा बाजूला ठेवायचा. एकदा मला एक खडा आवडला, पांढरा, तुकतुकीत. तो मी परकराच्या खिशात टाकला आणि गिऱ्हाईक शंभर रोपं फुकट घेऊन गेलं. रात्री आईने खिसा झटकला तेव्हा तुम्ही हसलात, काही बोलला नाहीत. मग आईने चरवीतलं फेसाळ दूध दिलं. ती चंद्रीची आजी असेल नाही? पांढऱ्या कपाळाची?

घराची काळजी करू नका. न्हाणीघरात कमोड बसवला, शेजारी धरायला स्टीलचा दांडा आहे. आईच्या गुडघ्यांना आता त्रास नाही. आप्पांची खाट पडवीत खिडकीशी आणली, तिथून दोन्ही शेड दिसतात. हे मुद्दाम केलं, म्हणजे उठून जायला नको. चहापुरतं दूध वाडीवरून येतं. तूप आहे, जुनं, तुझ्या हातचं, मी मोजूनच वाढून घेते. तुळशीला सकाळी पाणी घालते आणि संध्याकाळी दिवा लावते. एखाद्या दिवशी राहतो.

आता ऐका. मृग लागेपर्यंत इकडे यायचं नाही. अक्षय्य तृतीयेलाही नाही. ऊन फार आहे. "मी नुसता खुर्चीत बसून राहीन" हे आप्पांचं बसणं मला माहीत आहे, अर्ध्या तासात ते झारी घेऊन वाफ्याशी असतात. रक्त पातळ करायची गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नाही. बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही आणि दातवाल्याकडे गेलात तर आधी ती सांगायची. वहिनीच्या गॅलरीतल्या कुंड्या उचलायच्या नाहीत. त्या मोगऱ्याचं काय करायचं ते तोंडाने सांगा, ती करेल. आई, आंबा एक फोड, दोन नाही. वहिनी बघत नसताना तर नाहीच.

आप्पांसाठी एक काम मात्र ठेवलं आहे. दादाकडे उधारीची वही पाठवते. कुणाकडे मागायचं आणि कुणाला सोडायचं, हे मला कळत नाही. नावापुढे खूण करा. पुढच्या साली उधारी बंद आहे, पण हे जुनं तुमचं तुम्ही ठरवा.

मावशी म्हणाली की चंद्री दोन्ही वेळेला धार देते, लाथ मारत नाही. म्हणजे वैर माझ्याशीच होतं.

दादाबरोबर कुरडया आणि शेवग्याच्या शेंगा देते आहे. डबा रिकामा करून परत पाठव आई, झाकणासकट. फोन सकाळी अकराच्या आत करू नका, ट्रे मांडायचे असतात. अकरानंतर केव्हाही करा, रागवायचं असलं तरी.

तुमची,
छोटी