पक्ष्यांच्या बातमीत धरणाची पाणीपातळीही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी उरकली की दोन बातम्या ठरलेल्या असतात : ‘परदेशी पाहुणे दाखल’ आणि ‘यंदा फ्लेमिंगो रुसले’. यातल्या दुसऱ्या बातमीचे उत्तर, निदान उजनी धरणापुरते तरी, आपल्याच अंकात आतल्या पानावरच्या धरणसाठ्याच्या तक्त्यात असते.

फ्लेमिंगो चोच उलटी करून उथळ पाण्यातला गाळ गाळून खातो. चांगल्या पावसाच्या वर्षी कार्तिकात उजनी काठोकाठ भरलेली असते आणि भिगवण-कुंभारगावच्या काठाला पाणी थेट बाभळींना टेकलेले असते. तिथे त्याने उभे राहायचे कुठे? रब्बीची आवर्तने सुटून पाणी ओसरू लागले की चिखलाची पट्टी उघडी पडते, आणि मग थवे दिसतात. बहुतेक वर्षी जानेवारीनंतर. टिलवे, तुतवार या चिखलात चरणाऱ्या छोट्या पक्ष्यांचेही तेच. बुडी मारून खाणाऱ्या बदकांना भरलेले धरण चालते, चिखलात चोच खुपसणाऱ्यांना चालत नाही. म्हणून ‘पक्षी घटले’ असे छापण्याआधी तीच जागा, तोच पंधरवडा आणि साधारण तेवढीच पाणीपातळी असलेल्या आधीच्या काही वर्षांच्या नोंदी समोर हव्यात. नुसत्या नोव्हेंबरच्या एका फेरीवरून काहीच ठरत नाही.

दुसरा मुद्दा सायबेरियाचा. आपल्याकडे लांब पायांचा कोणताही पक्षी बातमीत सायबेरियातूनच येतो. फ्लेमिंगोंची भारतातली मोठी वीण कच्छच्या रणात होते. पट्टकदंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस, बार-हेडेड गूज) येतात ते मंगोलिया, तिबेट, लडाख या पट्ट्यातून, हिमालय ओलांडून. चित्रबलाक (पेंटेड स्टॉर्क) तर इथलाच. भिगवणजवळ भादलवाडीच्या तलावावर त्याची घरटी असतात, तरी दरवर्षी कोणीतरी त्याला सायबेरियन क्रौंच करून टाकतोच. खरा सायबेरियन क्रौंच भारतात शेवटचा दिसला तो 2002 साली, भरतपूरला. तो महाराष्ट्रात दिसल्याची बातमी हाती आली तर छापण्याआधी छायाचित्र मागवा.

हरभऱ्याच्या किंवा ज्वारीच्या रानात उतरणारे करकोचे बहुधा कांड्या करकोचे असतात. ही क्रौंचांतली सर्वांत लहान जात. डोळ्यामागून मागे वळलेला पांढरा तुरा आणि गळ्याखाली छातीवर लोंबणारी काळी पिसे ही खूण. साधा क्रौंच त्याहून मोठा, डोक्यावर लाल ठिपका असलेला, आणि त्याच्या छातीवर पिसे लोंबत नाहीत. दुरून दोघेही नुसते राखाडी दिसतात, त्यामुळे उन्हाच्या झळा सुरू होण्याआधी, सूर्य पाठीशी ठेवून पाहावे.

भोवत्यांत, म्हणजे हॅरियर या शिकारी पक्ष्यांत, घोळ अधिक. माँटेग्यू भोवत्याच्या नराच्या पंखावर वरच्या बाजूने काळी आडवी रेघ असते. फिकट भोवत्याच्या नराला ती नसते, फक्त पंखाच्या टोकाला पाचरीसारखा काळा भाग असतो. माद्या आणि पिल्ले मात्र अनुभवी माणसालाही चकवतात. उडत्या पक्ष्याचे पंख पसरलेले स्पष्ट छायाचित्र नसेल तर ‘भोवत्या, मादी, जात अनिश्चित’ एवढीच नोंद करावी. ती कमी प्रतीची नसते. उलट खात्री नसताना दिलेले नाव पुढच्या सगळ्या नोंदी नासवते.

नोव्हेंबरच्या उत्तरार्धात आमूर ससाणे सह्याद्रीवरून आणि किनाऱ्यावरून पुढे सरकतात. नागालँडमध्ये थांबून, अरबी समुद्र पार करून ते आफ्रिकेच्या दक्षिण भागात जातात. आपल्याला ते जेमतेम काही दिवस सापडतात. नर वरून गडद राखाडी, पंखाखाली पुढचा भाग पांढरा शुभ्र, मांड्या तांबूस आणि पाय नारिंगी. एका जागी तरंगत भक्ष्य हेरणारा, तांबूस पाठीचा पक्षी असेल तर तो बहुधा खरुची (केस्ट्रेल). आमूर ससाणा विजेच्या तारांवर रांगेने बसलेला किंवा हवेत किडे टिपताना दिसतो. तारीख, वेळ आणि थवा कोणत्या दिशेला गेला एवढे लिहिले तरी ती नोंद मोलाची.

मोजणीबद्दल. ‘हजारो’ हा आकडा नव्हे. थव्याच्या एका भागातले दहा पक्षी मोजावेत, त्या दहांनी व्यापलेली जागा नजरेत धरावी, आणि तशा किती जागा पूर्ण थव्यात बसतात ते पाहावे. थवा मोठा असेल तर दहाऐवजी शंभराचा गट धरावा. उडत्या थव्यात मधला भाग दाट आणि कडा विरळ असतात, त्यामुळे कडेवरून अंदाज बांधला तर आकडा कमी येतो. शक्य तिथे छायाचित्र काढून घरी मोजावे. मूळ फाइल जपावी. व्हॉट्सअॅपवरून फिरलेल्या प्रतीत काढल्याची तारीख सहसा उरत नाही. मागच्या वर्षीचा थवा यंदा पुन्हा छापून येतो तो यामुळेच.

एक विनंती तातडीची. आखूडकानी घुबड हिवाळ्यात माळावरच्या गवतात जमिनीवर बसते, कधी कधी एका जागी अनेक. बातमीत गावाचे नाव आणि नकाशा आला की रविवारी लोक गवतातून रांग करून चालतात. दिवसा उठवलेल्या घुबडामागे कावळे आणि घारी लागतात, आणि दोन-तीनदा असे झाले की ते माळ सोडून जाते. अशा पक्ष्यांसाठी तालुक्याच्या पुढचा पत्ता छापू नये. पाणपक्ष्यांसाठी मात्र तलावाचे नाव जरूर द्यावे.

संशोधकांनी ओळखीसाठी मानेत पट्टा घातलेला पट्टकदंब दिसला तर पट्ट्याचा रंग, अक्षराचा रंग आणि वरून खाली वाचलेली अक्षरे टिपावीत. मंगोलियात पट्टे घातलेले पक्षी भारतात सापडले आहेत. पायात कडी असेल तर ती डाव्या पायात की उजव्या, सांध्याच्या वर की खाली, तेही लिहावे. वाचता न आलेले अक्षर अंदाजाने भरू नये, तिथे प्रश्नचिन्ह ठेवावे. माहिती मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवावी.

– एक पक्षीनिरीक्षक वाचक