आरोग्यमंत्री साहेब, निळ्या झाकणाच्या ट्यूबचं पण जरा बघा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

साहेब, मी तालुक्याच्या गावात लॅब टेक्निशियन आहे, राजकारणातलं मला कळत नाही, कामाचंच बोलते. गर्भ राहतो पण टिकत नाही अशा बायका चिठ्ठी घेऊन येतात, चिठ्ठीवर ल्युपस अँटीकोॲग्युलंट, अँटीकार्डिओलिपिन आणि बीटा टू ग्लायकोप्रोटीन अशा रक्ताच्या तीन टेस्ट. म्हणजे अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम आहे का बघायचं, यात शरीर आपल्याच विरुद्ध अँटीबॉडी बनवतं, रक्ताच्या गुठळ्या होतात, तरण्याताठ्या माणसाला लकवा मारतो त्यामागंही कधीकधी हेच निघतं. निदान झालं तर पुढच्या वेळी कमी डोसची ॲस्पिरिन आणि रक्त पातळ करणाऱ्या हेपॅरिनची इंजेक्शनं देऊन बऱ्याच जणींचं बाळ नीट जन्माला येतं, आणि इकडं घरचे अंगारे-धुपारे करत बसलेत.

आमच्या तालुक्याला सरकारीत ही टेस्ट नाही. प्रायव्हेटला हजारांत जातं, बरं एकदा करून भागत नाही, पॉझिटिव्ह आली की कमीत कमी १२ आठवड्यांनी परत करायची, कारण साध्या इन्फेक्शननंपण या अँटीबॉडी तात्पुरत्या वाढतात. दुसऱ्या वेळी बऱ्याच जणी फिरकतच नाहीत, पैसे आणायचे कुठून?

आता सॅम्पलचं. ल्युपस अँटीकोॲग्युलंटच्या टेस्टला निळ्या झाकणाची, रक्त गोठू न देणाऱ्या सायट्रेटची ट्यूब लागते, रेघेपर्यंत भरलेली, चार तासांच्या आत सेंट्रिफ्यूजवर दोनदा फिरवून प्लेटलेट (गुठळी करणाऱ्या बारीक पेशी) काढून टाकायच्या आणि प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला वरचा पिवळसर द्रव, फ्रीझरमध्ये गोठवायचा. प्लेटलेट राहिल्या तर गोठवल्यावर त्या फुटतात आणि असलेली अँटीबॉडी लपते, रिपोर्ट निगेटिव्ह! तशीच ट्यूब एसटीच्या पार्सलनं पाठवली तर काय डोंबल कळणार? हेपॅरिन किंवा वॉरफरिनसारखं रक्त पातळ करायचं औषध चालू असलं तरी रिपोर्ट फसवा येऊ शकतो, पण चिठ्ठीवर ते कुणी लिहीतच नाही. (गंमत म्हणजे यातली एक टेस्ट घोणशीच्या विषावर चालते, घोणस आमच्या बांधावर हवी तेवढी, टेस्ट मात्र नाही.)

मशीन तालुक्याला द्या असं म्हणतच नाही मी. जिल्हा रुग्णालयात प्लाझ्मा नीट काढून गोठवायची सोय आणि शिकलेला माणूस द्या, टेस्ट जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात होऊ दे, आणि दुसरी टेस्टपण फुकट करा, नुसती पहिली करून उपयोग नाही. आशाताईंच्या रजिस्टरमध्ये लसीच्या तारखा असतात तशी ही १२ आठवड्यांची तारीखपण टाका, त्यांचा फोन गेला की बाई येते.

आपली,
तालुक्यातली एक लॅब टेक्निशियन