काच दुरुस्त झाली पण आवाज गेला, तीन महिने झाले कोणी ऐकून घेईना

प्रति,
ग्राहक सेवा विभाग, मुख्य कार्यालय

विषय: वॉरंटीत पॉवर विंडोचं काम करताना ड्रायव्हर साइडच्या स्पीकरची वायर उलटी जोडल्याबद्दल, आणि आता तेच काम बाहेर करून घेतलं म्हणून मलाच दोष दिल्याबद्दल

नमस्कार साहेब,

मी अंबाजोगाईचा, गाडी लातूरच्या तुमच्या शोरूममधून मागच्या दसऱ्याला घेतली, टॉप मॉडेल. त्याच्या खालचं मॉडेल सव्वा लाखानी स्वस्त होतं आणि मला सनरूफ नको होता, त्या रंगीत लायटी पण नको होत्या, घरात सगळे म्हणले खालचं घे, पैसे वाचतील. मी टॉप घेतलं ते फक्त त्यातल्या साऊंड सिस्टीमसाठी. तुमच्या सेल्सच्या पोरानं मला डेमो गाडीत बसवलं, मी माझा पेनड्राइव्ह लावला, पाच मिनिटं ऐकलं आणि तिथंच बुकिंगचे पैसे भरले. हे आधी सांगायलोय कारण पुढं तुमचे लोक मला "सर गाडी चालतीय ना, आवाज येतोय ना" असं म्हणले आहेत आणि ते मला लई लागलं.

त्या पेनड्राइव्हमध्ये काय होतं ते पण सांगतो. माझे वडील पखवाज वाजवायचे, गावात सप्ताह बसला की हरिपाठाला आणि कीर्तनाला तेच असायचे. चार वर्षं झाली ते गेले. त्याच्या आदल्या सप्ताहात माझ्या पुतण्यानं चांगल्या रेकॉर्डरवर सगळं रेकॉर्ड केलं होतं, २४ बिट ४८ किलोहर्ट्झ वेव्ह फाइल, एमपीथ्री नाही. त्याच्या सुरुवातीला भजन चालू व्हायच्या आधी वडील पखवाज लावायलेत, डाव्या बाजूला ओली कणीक थापायलेत, अंगठ्यानं कडा दाबून एक थाप मारून ऐकायचे, जास्त वाटली की चिमूटभर काढायचे, परत थाप. ज्यानं पखवाज जवळून ऐकलाय त्याला माहिती आहे की त्या कणकेमुळंच डावीचा आवाज खाली उतरतो आणि छातीत बसतो. डेमो गाडीत ती थाप मला छातीत लागली, मोबाइलच्या स्पीकरवर किंवा टीव्हीवर ती कधीच ऐकू येत नाही. दसऱ्यापासून मार्चपर्यंत मी रोज शाळेतून येता जाता ते ऐकलंय त्यामुळं माझ्या गाडीचा आवाज कसा होता हे मला कोणी शिकवू नये.

आता मूळ मुद्दा. मार्चमध्ये ड्रायव्हर साइडची काच अर्ध्यात अडकायला लागली, १४ तारखेला लातूरला गाडी दिली, काच वरखाली करणारा रेग्युलेटर बदलला, वॉरंटीत झालं, जॉबकार्ड माझ्याकडं आहे. संध्याकाळी गाडी घेऊन रेणापूरमार्गे घरी निघालो, पेनड्राइव्ह चालू केला आणि पहिल्या पाच मिनिटांतच कळलं की काहीतरी गेलंय. डिक्कीतला सबवूफर खाली धुमधुम करायलाय, वर टाळ वाजायलेत, पण मधली जागा मोकळी. पखवाजाच्या उजव्या बाजूच्या शाईची टणटण येतीय आणि डावी नाहीच. आणि कीर्तनकारांचा आवाज, जो समोर डॅशबोर्डच्या मधोमध यायचा, तो पसरून कानाच्या बाजूनी यायला लागला, माणूस नेमका कुठं उभा आहे कळेना. गाडी बाजूला लावून बंद करून परत चालू केली, फरक नाही. वर दरवाजाचं पॅनल पण खरखर करायला लागलं, हँडलच्या खाली बोट दाबलं की थांबतं, काढलं की चालू, म्हणजे दोन क्लिपा नीट बसवल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी फोन केला तर सर्व्हिस अॅडव्हायझर म्हणाले ब्लूटूथवर क्वालिटी कमीच येते सर. मी म्हणलं मी पेनड्राइव्ह लावतोय, तर म्हणाले मग फाइल खराब असेल. तीच फाइल, तोच पेनड्राइव्ह, आदल्या दिवशी सकाळी लातूरला जाताना नीट वाजत होता. तरी पण मी हट्टानं ब्लूटूथ पण तपासलं कारण माणूस सांगतोय तर बघावं. फोनच्या डेव्हलपर ऑप्शनमध्ये जाऊन बघितलं तर तुमचं म्युझिक युनिट एसबीसी आणि एएसी हे दोनच कोडेक (ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवायचे प्रकार) घेतंय, त्यांच्याहून भारी एलडॅक नाही. एसबीसी चांगल्यात चांगलं म्हणलं तर सेकंदाला ३२८ किलोबिट डेटा, सीडीचा १४११ असतो, म्हणजे ब्लूटूथ कमी पडतं हे खरंच आहे, त्याबद्दल माझं भांडण नाही. पण ब्लूटूथनं किंवा हलक्या एमपीथ्रीनं जे जातं ते वरचं बारीक काम, टाळाची किनार, घुंगराचा नाद, तारेची झिलई. पखवाजाची डावी जात नाही. तुमच्या माणसाला सिस्टीम विकता येते तर एवढं माहिती पाहिजे.

मग एप्रिलमध्ये परत लातूर. जाऊन येऊन शंभराच्या वर किलोमीटर, शाळेची सुट्टी टाकून. त्यांनी सॉफ्टवेअर अपडेट केलं आणि त्यात माझ्या सगळ्या सेटिंग उडाल्या, ते सांगितलं पण नाही. घरी आल्यावर बघतो तर सराउंड (आवाज चारी बाजूनी पसरवणारं सेटिंग) चालू, बास सहावर, ट्रेबल पाचवर, सीट सेटिंग "ऑल". आवाज दणदणीत वाटावा म्हणून कोणीतरी मुद्दाम वाढवून ठेवलेलं. मी सगळं परत शून्यावर आणलं, सराउंड बंद, सीट सेटिंग ड्रायव्हर. आपल्याकडं ड्रायव्हर उजव्या बाजूला, उजवा स्पीकर जवळ आणि डावा लांब, दोन्हीत साठ सेंटीमीटरचा फरक धरला तर डाव्याचा आवाज पावणेदोन मिलिसेकंद उशिरा पोचतो, ड्रायव्हर सेटिंग केलं की युनिट उजव्याला तेवढं थांबवून धरतं आणि आवाज समोर मधोमध येतो. मार्चच्या आधी येत होता. आता ड्रायव्हर करा नाहीतर ऑल करा, मधोमध काहीच नाही.

मे महिन्यात तिसऱ्यांदा गेलो तर म्हणाले सगळ्या गाड्यांना असंच आहे, हे नॉर्मल आहे. तेव्हा मी विनंती केली की मला डेमो गाडीत बसू द्या, माझा पेनड्राइव्ह लावू द्या. बसलो, लावला, वडिलांची थाप जशीच्या तशी छातीत आली. डोळ्यात पाणी आलं साहेब, खरं सांगतो. शेजारी बसलेल्या अॅडव्हायझरना म्हणलं आता माझ्या गाडीत चला. ते म्हणाले दोन्ही सेमच वाटतंय.

मग मी आमच्याकडं एक ओळखीचा साऊंडवाला आहे, लग्नात मंडपात सिस्टीम लावतो, त्याला गाडीत बसवलं. त्यानं एक स्क्रू काढला नाही, हे लिहून ठेवा. फेडर पूर्ण पुढं घेऊन मागचे स्पीकर बंद केले, मग बॅलन्स पूर्ण डावीकडं, बास आला. पूर्ण उजवीकडं, बास आला. मधोमध आणला, बास गायब. परत एकदा केलं, तेच. दोन स्पीकर वाजायलेत तर आवाज वाढला पाहिजे, इथं कमी होतोय. तो म्हणाला मास्तर, एका दाराची प्लस मायनस उलटी आहे. एका स्पीकरचा कागद पुढं ढकलतोय तेव्हाच दुसऱ्याचा मागं ओढतोय. ८० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट सव्वाचार मीटर लांब असते आणि दोन दारांत अंतर जेमतेम दीड मीटर, त्यामुळं खालचे आवाज एकमेकाला मारून टाकतात, वरचे बारीक आवाज वाचतात पण त्यांची जागा हरवते. तीन महिने मला जे ऐकू यायलंय ते त्यानं दोन मिनिटांत सांगितलं, पैसे पण घेतले नाहीत.

हे सगळं घेऊन जूनच्या पहिल्या आठवड्यात चौथ्यांदा गेलो आणि म्हणलं माझ्यासमोर दरवाजा उघडा. तुमच्या एका तरुण टेक्निशियननं उघडला. आत काय होतं त्याचे फोटो सोबत जोडलेत. स्पीकरचा मूळचा कनेक्टर तुटलेला, त्याचं अर्धं प्लास्टिक दरवाजाच्या तळाला पडलेलं, आणि दोन वायरी कापून, पीळ देऊन, काळी टेप गुंडाळलेली. आमच्याकडं मे महिन्यात ४२-४३ डिग्री तापमान असतं, उन्हात उभ्या गाडीच्या दारात त्याहून जास्त, त्या टेपचा डिंक वितळून वायरीवर ओघळला होता, बोटाला चिकटत होता, टेप हातानीच सरकत होती. तांब्याच्या तारा उघड्या. उद्या त्या एकमेकाला चिकटल्या असत्या तर स्पीकरला ताकद देणारा अॅम्प्लिफायर जाऊ शकला असता.

त्या पोरानं घड्याळातला एक सेल आणला, दोन्ही दारांच्या वायरी सोडवल्या, डाव्या स्पीकरला लावला तर कागद बाहेर आला, उजव्याला त्याच रंगाच्या वायरीवरून तसाच लावला तर कागद आत गेला. दोनदा केलं. तो माझ्याकडं बघून गप्प झाला. त्या पोराबद्दल माझी काही तक्रार नाही, उलट त्यानं खरं दाखवलं, त्याच्यावर काही कारवाई करू नका.

पण अॅडव्हायझर आले, टेप बघितली आणि पहिलं वाक्य बोलले, "सर हे बाहेर काम केलेलं आहे, वॉरंटीत बसत नाही." वर दरवाजाच्या वायरिंगचा खर्च सांगितला आणि लेबर वेगळं. मी जॉबकार्ड दाखवलं की १४ मार्चला तुम्हीच दरवाजा उघडलाय, त्याच्या आधी आणि नंतर कोणी उघडलेला नाही, आवाज त्याच दिवशी गेलाय, दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुम्हालाच फोन केलाय, कॉल रेकॉर्ड काढा. तर म्हणाले आमच्याकडं तशी नोंद नाही. आणि पैसे भरायला नाही म्हणलो म्हणून त्या वायरी तशाच, परत नवी टेप मारून, उलट्याच जोडून दरवाजा बंद करून दिला. चूक डोळ्यांनी बघितल्यावर पण तशीच ठेवून दिली, ह्याला काय म्हणायचं? चूक माणसाकडूनच होते, मी पण शिक्षक आहे, पेपर तपासताना माझी पण बेरीज चुकते, पण पोरगं पेपर घेऊन समोर आलं तर मी त्याला तूच खाडाखोड केली असं म्हणत नाही.

माझं मागणं असं आहे की त्या दारातलं मूळ कनेक्टरसहित वायरिंग नवीन टाकून द्यावं, टेप आणि पीळ नको, क्लिपा नव्या बसवाव्यात, आणि हे माझ्यासमोर व्हावं. याचा एक रुपया मी देणार नाही. जॉबकार्डवर स्पष्ट लिहून पाहिजे की १४ मार्चच्या कामात वायर उलटी जोडली गेली होती, कारण उद्या अॅम्प्लिफायरला काही झालं तर परत हेच "बाहेर काम केलंय" ऐकायला लागू नये. आणि बाहेर काम केल्याचा जो शेरा माझ्या गाडीच्या हिस्ट्रीत टाकलाय तो काढून टाकावा, तो मला सगळ्यात जास्त खुपतोय.

अजून एक, हे माझ्यापुरतं नाही. एवढे पैसे घेऊन तुम्ही सिस्टीम देता पण पुस्तकात तिच्यावर दीड पान, त्यात पण बटनांची नावं. माझा पहिला पेनड्राइव्ह एक्सफॅट फॉरमॅटचा होता म्हणून युनिट वाचतच नव्हतं, फॅट३२ करायला लागतं हे मला स्वतः शोधावं लागलं. फ्लॅक फाइल (क्वालिटी न घटवता लहान केलेली) चालते हे तुमच्या शोरूममध्ये एकालाही सांगता आलं नाही. गाणी अॅपवरून लावायची तर अॅपमधली क्वालिटी हाय करून ठेवावी लागते, ब्लूटूथवर फोनचा आवाज फुल ठेवून गाडीचा कमीजास्त करावा, पहिले बास ट्रेबल शून्यावर ठेवून ऐकावं, एकटं असलं तर सीट सेटिंग ड्रायव्हर करावं, एवढं एका कागदावर मराठीत छापून गाडीसोबत द्यायला काय जातंय? आणि दरवाजाचं कुठलंही काम झालं की गाडी देण्याआधी बॅलन्स डावीउजवीकडं फिरवून बघायचं, एक मिनिटाचं काम आहे, ते तुमच्या सगळ्या सर्व्हिस सेंटरना सांगा. प्रत्येकाला मंडपवाला मित्र नसतो.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवस मी वाट बघीन. नंतर १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि तिथं नाही झालं तर बीडला जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्यानं मी राहतो त्या जिल्ह्यात केस करता येते, तुमच्या ऑफिसच्या गावाला यायची गरज नाही, आणि दोन वर्षांची मुदत असते, मला तीनच महिने झालेत. मला कोर्टकचेरीची हौस नाही, मला माझी गाडी १३ मार्चला होती तशी पाहिजे.

सोबत मार्चचं जॉबकार्ड, एप्रिल, मे आणि जूनच्या भेटीच्या पावत्या, दाराचे सहा फोटो, आणि सेलच्या टेस्टचा व्हिडिओ जोडलाय. गाडी नंबर आणि माझा फोन वर मेलमध्ये आहे. कुठल्याही शनिवारी दुपारनंतर मी लातूरला येऊ शकतो, आधी एक दिवस कळवा. पेनड्राइव्ह घेऊन येतो. काम झालं की दुसऱ्या नंबरची फाइल १ मिनिट ४० सेकंदापासून लावा, तिथं वडील कणीक लावून शेवटची थाप मारतात, ती नीट ऐकू आली की मी जॉबकार्डवर सही करीन.

आपला ग्राहक,
अंबाजोगाई, जि. बीड