‘परंपरागत बालेकिल्ला’ या शब्दाला पुण्याच्या निकालांचा आधार नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लोकसभेची निवडणूक असो वा विधानसभेची, निकालाच्या दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांवर पुण्याचा उल्लेख ‘भाजपचा परंपरागत बालेकिल्ला’ असा होतो. आपल्या वृत्तपत्रातील विश्लेषणातही तो मी अनेकदा वाचला आहे. गेल्या तीन लोकसभा निवडणुकांपुरते बोलायचे तर ‘बालेकिल्ला’ म्हणायला जागा आहे, हे मला मान्य आहे. परंतु ‘परंपरागत’ म्हटले की गोष्ट दोन-तीन पिढ्यांवर जाते, आणि तेवढ्या पिढ्यांचे निकाल समोर ठेवले तर तो शब्द टिकत नाही. सदाशिव पेठेत जन्मलेला, इथेच शिक्षकी करून निवृत्त झालेला आणि १९७७ पासून एकही मतदान न चुकवलेला एक नागरिक म्हणून ही बाब आपल्यासमोर मांडावीशी वाटते.

१९५२ ते २०२४ या काळात लोकसभेच्या अठरा सार्वत्रिक निवडणुका झाल्या. पहिल्या निवडणुकीत ‘पुणे मध्य’ आणि ‘पुणे दक्षिण’ असे दोन मतदारसंघ होते. त्यांतला मध्यचा निकाल धरला, तर पुण्याने दहा वेळा काँग्रेसचा, दोन वेळा समाजवाद्यांचा, एकदा जनता पक्षाचा आणि पाच वेळा भाजपचा खासदार दिल्लीला पाठवला. भाजपचे ते पाच विजय म्हणजे १९९१ मध्ये अण्णा जोशी, १९९९ मध्ये प्रदीप रावत, २०१४ मध्ये अनिल शिरोळे, २०१९ मध्ये गिरीश बापट आणि २०२४ मध्ये मुरलीधर मोहोळ. भाजपचा पूर्वावतार असलेल्या जनसंघाच्या पणती या चिन्हावर पुण्यातून एकही खासदार निवडून गेलेला नाही. (याच यादीत आणखी एक गोष्ट दिसते आणि ती मला बोचते: १९५२ मध्ये पुणे दक्षिणमधून इंदिराबाई मायदेव निवडून गेल्या, त्यानंतर पुण्याने लोकसभेत एकही स्त्री पाठवली नाही.) सलग तीन विजयांनी बालेकिल्ला ठरत असेल, तर १९८०, १९८४ आणि १९८९ असे सलग तीन विजय विठ्ठलराव गाडगीळांनी काँग्रेसला मिळवून दिले होते, आणि त्यांतला तिसरा तर देशात काँग्रेसची सत्ता गेली त्या वर्षीचा होता. पुढे १९९१ मध्ये राजीव गांधींच्या हत्येनंतर मतदान झाले, महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ३८ जागा काँग्रेसने जिंकल्या, आणि नेमक्या त्याच वेळी पुण्याने गाडगीळांना पाडून अण्णा जोशींना निवडून दिले. तिसऱ्या विजयानंतर दोनच वर्षांनी असा निकाल देणाऱ्या शहराला कोणत्याही पक्षाचे परंपरागत ठाणे कसे म्हणता येईल?

हा शब्द रूढ होण्यामागे एक सरमिसळ आहे असे मला वाटते. पुणे सामाजिक बाबतीत सनातनी होते आणि काही अंशी आजही आहे. पण सामाजिक सनातनीपणा आणि मतपेटीतला कौल या दोन गोष्टी इथे कधीच एकमेकींच्या मागे मुकाट चालल्या नाहीत. १९२९ मध्ये पर्वतीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून सत्याग्रह झाला, तेव्हा याच शहरातल्या सनातन्यांनी सत्याग्रहींवर दगडफेक केली. त्या सत्याग्रहात शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज यांच्याबरोबर काकासाहेब गाडगीळ, नानासाहेब गोरे आणि एस. एम. जोशी हेही होते. पुढे काय झाले पाहा. १९५२ मध्ये पुणे मध्यचे खासदार झाले काकासाहेब, १९५७ मध्ये नानासाहेब आणि १९६७ मध्ये एसेम. ज्यांना पर्वतीच्या पायथ्याशी दगड खावे लागले, त्यांतल्या तिघांना पुणेकरांनी पुढच्या अडतीस वर्षांत आपले प्रतिनिधी केले. पुण्याच्या राजकारणावर लिहिताना ही वस्तुस्थिती सहसा कुणी विचारात घेत नाही.

१९५७ च्या निवडणुकीबद्दल माझ्या वडिलांकडून ऐकलेले थोडे सविस्तर सांगतो. वडील रोज पहाटे शाखेत जाणारे. १९४८ च्या संघबंदीत काही महिने येरवड्याला काढलेले. १९५७ मध्ये आजची यंत्रे तर नव्हतीच, पण पुढे आलेली एकच मतपत्रिका आणि तिच्यावर शिक्का ही पद्धतही नव्हती. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी असे, पेटीवर त्याचे चिन्ह डकवलेले असे आणि मतदाराने पडद्यामागे जाऊन आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची असे. एका पेटीवर काँग्रेसची बैलजोडी होती आणि दुसऱ्या पेटीवर प्रजासमाजवाद्यांची झोपडी. वडील सांगत की पडद्यामागे ते क्षणभर थांबले, कारण नानासाहेबांना, म्हणजे राष्ट्र सेवा दल या समाजवादी संघटनेच्या माणसाला, मत द्यायचे त्यांच्या आयुष्यात तोवर कधी ठरले नव्हते, आणि मग त्यांनी चिठ्ठी झोपडीच्या पेटीत टाकली. नानासाहेबांमागे उभ्या असलेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत समाजवादी, कम्युनिस्ट, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, हिंदुमहासभा आणि जनसंघ असे एरवी एका व्यासपीठावर न येणारे पक्ष एकत्र होते, हे एक कारण. दुसरे कारण गोव्याचे. १९५५ च्या मे महिन्यात गोवा मुक्तीसाठी पुण्याहून निघालेल्या पहिल्या तुकडीचे नेतृत्व नानासाहेबांनी सेनापती बापटांसह केले होते आणि त्यापायी पोर्तुगिजांचा तुरुंग भोगला होता. त्यानंतरच्या महिन्यात जनसंघाचे जगन्नाथराव जोशीही तुकडी घेऊन गेले. वडिलांच्या दृष्टीने मुंबईसह महाराष्ट्र आणि गोवा हे दोन प्रश्न पक्षापेक्षा मोठे होते, आणि केंद्रात मंत्री राहिलेल्या काकासाहेबांसारख्या कर्तबगार पुणेकराचा पराभव त्या दोन प्रश्नांनी केला. काकासाहेब पडले याचे वडिलांना पुढे कायम वाईट वाटत राहिले, पण आपले मत चुकले असे ते कधी म्हणाले नाहीत.

१९६२ मध्ये काँग्रेसचे शंकरराव मोरे आले, १९६७ मध्ये पुन्हा समाजवादी. १९७१ च्या इंदिरा लाटेत मोहन धारिया काँग्रेसतर्फे निवडून गेले. आंदोलन करणाऱ्या जयप्रकाश नारायणांशी सरकारने बोलणी करावीत असे म्हटल्यावरून त्यांना १९७५ मध्ये मंत्रिपद सोडावे लागले, आणीबाणीत ते तुरुंगात गेले आणि १९७७ मध्ये विरुद्ध बाजूने उभे राहिले, तरी पुण्याने त्यांनाच निवडले. ते माझे पहिले मतदान. जनता पक्षाच्या नांगरधारी शेतकरी या चिन्हावर शिक्का मारताना हात थरथरत होता. आमच्या वाड्यातल्या एका वयस्कर काँग्रेसनिष्ठ बाईंनी सकाळी आम्हा मुलांना जिन्यात थांबवून सांगितले होते, ‘मोहनराव तेच आहेत रे, पाटी बदलली म्हणून माणूस बदलत नाही.’

१९९८ चा निकालही याच जातीचा. काँग्रेस सोडलेल्या सुरेश कलमाडींना भाजप-शिवसेना युतीने पाठिंबा दिला, आणि तरीही काँग्रेसचे विठ्ठल तुपे निवडून आले. दिल्लीत वाजपेयींचे सरकार आले, त्यात पुण्याचा वाटा नव्हता. युतीच्या हक्काच्या म्हणवल्या जाणाऱ्या मतदारांपैकी अनेकांनी आयात केलेला उमेदवार पत्करला नाही, हे त्या वेळी पेठेत राहणाऱ्या कुणालाही उघड दिसत होते. पुढच्याच वर्षी काँग्रेस आणि नव्याने स्थापन झालेली राष्ट्रवादी काँग्रेस वेगवेगळ्या लढल्या आणि भाजपचे रावत निवडून आले. २००४ मध्ये दोन्ही काँग्रेस एकत्र आल्या आणि कलमाडी परतले. २००९ मध्ये कलमाडी भाजपच्या अनिल शिरोळेंपेक्षा फक्त २५ हजारांच्या आसपास मतांनी पुढे राहिले, आणि मनसेच्या उमेदवाराने त्याहून कितीतरी अधिक मते घेतली. पुण्यातल्या या निकालांत मतदाराच्या निष्ठेइतकाच, कदाचित अधिकच, वाटा उमेदवारीचा आणि फाटाफुटीचा होता.

खरा बदल कुठे झाला ते सांगायचे तर तो १९९९ पासूनचा आहे आणि त्यावर कुणी लिहीत नाही. त्याआधी पुण्याने १९५७, १९६७, १९८९, १९९१ आणि १९९८ अशा पाच वेळा केंद्रात सत्तेवर आलेल्या बाजूच्या विरुद्ध खासदार दिला. १९९९ पासूनच्या सहाही निवडणुकांत मात्र पुण्याचा खासदार केंद्रातल्या सत्तेचे नेतृत्व करणाऱ्या पक्षाचाच आहे. दोनदा काँग्रेसचा, चारदा भाजपचा. दिल्लीच्या वाऱ्याविरुद्ध जाण्याची या शहराची जुनी खोड गेली. त्याचे एक कारण मला वस्तीच्या फेरबदलात दिसते. पेठांतली कुटुंबे कोथरूड-कर्वेनगरला गेली, बाहेरगावाहून शिक्षणाला आणि नोकरीला आलेली कुटुंबे वडगाव शेरी-खराडीला स्थिरावली, आणि या नव्या मतदाराचे स्थानिक उमेदवाराशी वाड्यातल्या माणसासारखे येणेजाणे राहिले नाही. तो पंतप्रधान कोण हे पाहून मत देतो. यात त्याचा दोष नाही. पण त्याला ‘परंपरा’ म्हणणे बरोबर नाही, कारण ती पंचवीस वर्षांतली घडण आहे.

भूगोलाची गोष्ट तर सर्वांत जास्त दुर्लक्षित. २००८ च्या पुनर्रचनेत भवानी पेठ मतदारसंघ गेला, कोथरूड आणि वडगाव शेरी आले. आज ‘पुणे’ लोकसभेत कसबा पेठ, कोथरूड, शिवाजीनगर, पर्वती, पुणे कॅन्टोन्मेंट आणि वडगाव शेरी एवढेच विधानसभा मतदारसंघ आहेत. खडकवासला बारामतीत जातो, हडपसर शिरूरमध्ये. माझी मुलगी धायरीला राहते, मंडईत भाजी घेते, मुलांना पुण्यातल्या शाळेत घालते आणि खासदार मात्र बारामतीचा निवडते. तेव्हा ‘पुण्याचा कौल’ म्हणून आपण जो छापता तो पुणेकरांच्या एका भागाचा कौल असतो. आणि त्या भागातही सारखेपणा नाही. २०२४ मध्ये मोहोळांनी काँग्रेसच्या रवींद्र धंगेकरांचा १ लाख २३ हजार ३८ मतांनी पराभव केला, त्यांतली सत्तर हजारांहून अधिक आघाडी एकट्या कोथरूडची होती. शिवाजीनगरला फरक अगदी थोडा होता आणि कॅन्टोन्मेंटमध्ये धंगेकर पुढे होते. एका उपनगराचा कौल काढून आपण साऱ्या शहराच्या कपाळी लावतो आहोत.

कसब्याचेच पाहा. गिरीश बापट इथून पाच वेळा आमदार झाले, त्यानंतर मुक्ता टिळक आल्या, आणि त्यांच्या निधनानंतर २६ फेब्रुवारी २०२३ रोजी झालेल्या पोटनिवडणुकीत धंगेकर सुमारे अकरा हजारांनी निवडून आले. त्या निकालाला सर्वांनी ‘धक्का’ म्हटले. परंतु १९९१ मध्ये अण्णा जोशी लोकसभेवर गेल्यानंतरच्या कसब्याच्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे वसंत थोरात निवडून आले होते आणि त्यांनी पाडलेले उमेदवार बापट हेच होते, हे ज्यांना आठवत होते त्यांना धक्का बसण्याचे कारण नव्हते. महापालिकेतही भाजपला स्वबळावर पहिली सत्ता २०१७ मध्ये मिळाली; त्याआधी तिथे दोन्ही काँग्रेसचाच वरचष्मा होता.

शेवटचा मुद्दा मतदानाच्या टक्केवारीचा, आणि तो मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. २००९ मध्ये पुण्यात सुमारे ४१ टक्के, २०१४ मध्ये ५४, २०१९ मध्ये पन्नासच्या किंचित खाली आणि २०२४ मध्ये साडेत्रेपन्न टक्के मतदान झाले. त्याच २०२४ मध्ये कोल्हापूरने सत्तरी ओलांडली. पुण्याच्या वीस लाखांहून अधिक मतदारांपैकी साडेनऊ लाखांच्या आसपास लोकांनी मत दिलेच नाही, आणि ही संख्या विजयी उमेदवाराच्या ५ लाख ८४ हजार मतांपेक्षा कितीतरी मोठी आहे. मतदारांना आळशी म्हणून हा प्रश्न सुटणार नाही. आमच्या इमारतीच्या पत्त्यावर यादीत एकोणतीस नावे आहेत. मी ती पेन्सिलने तपासली. चार जण धायरी-नऱ्ह्याला गेले, तिघे परदेशात, दोघे बंगळुरूला आणि दोघे वारले आहेत. म्हणजे अकरा नावांना मतदान होणे शक्यच नाही. उलट २०१४ मध्ये माझ्या पत्नीचे नाव, ती जन्मापासून पुण्यात असूनही, यादीत सापडले नाही आणि ती एप्रिलच्या उन्हात दीड तास थांबून परत आली. ज्या याद्यांवर टक्केवारी काढतात त्या याद्याच अशा असतील, तर त्या टक्केवारीवरून शहराचा स्वभाव सांगताना फार जपून लिहायला हवे. त्यातच बापट यांचे २९ मार्च २०२३ रोजी निधन झाल्यावर पोटनिवडणूक झाली नाही, उच्च न्यायालयाने ती घ्यायला सांगितल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात जाऊन तिथे स्थगिती मिळाली, आणि शहर वर्षभराहून अधिक काळ खासदाराविना राहिले. मत देऊन काय होते, असे तेव्हा मला विचारणाऱ्या तरुणाला माझ्याजवळ नीटसे उत्तर नव्हते.

माझी आपल्याला विनंती आहे ती अशी. निवडणूक आयोग प्रत्येक मतदान केंद्राचे आकडे ‘फॉर्म २०’ मध्ये जाहीर करतो. येत्या निवडणुकीनंतर ‘बालेकिल्ला राखला’ किंवा ‘बालेकिल्ला ढासळला’ असा मथळा देण्याऐवजी आपण ते आकडे प्रभागवार, निदान पेठा, कोथरूड, येरवडा, जनता वसाहत, कॅन्टोन्मेंट आणि खराडी एवढ्या सहा भागांचे, मागच्या दोन निवडणुकांच्या शेजारी ठेवून छापावेत. वडिलांनी १९५२ पासून आणि नंतर मी जमवलेली पुण्याच्या निकालांची कात्रणे तीन फायलींत माझ्याकडे आहेत. आपल्या वार्ताहरांना उपयोग होणार असेल तर त्या आपल्या कार्यालयात आणून देण्याची माझी तयारी आहे. काम झाल्यावर परत मिळाव्यात एवढेच.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
सदाशिव पेठ, पुणे